बादलीच्या तळाशी हात

शंकर नगरच्या घरी अविनाशला शेवटचं भेटलो, तेव्हा त्याने तब्येतीचा विषयच काढू दिला नाही. उशीला टेकून एवढंच विचारलं, "खरं सांग मले, त्या दिवशी टाकी उसळली असती का रे?" मी म्हटलं, "काहून तेच घेऊन बसला? पडून राहा गुमान." त्याच आठवड्यात तो गेला... आणि प्रश्न माझ्याजवळ राहिला.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसाठी द्रवरूप गॅसची अतिथंड टाकी आहे. भट्टी माझ्याकडे, टाकीची मोजमापं अविनाशकडे. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारा गॅस सारखा नसतो. जड खाली बसतो, हलका वर राहतो, आणि टाकीत गुपचूप दोन थर होतात. खालचा थर हळूहळू तापून हलका होतो आणि एकदम उसळतो. मग इतकी वाफ सुटते की टाकीचीच धडगत नसते. त्या दुपारी टाकीत वेगवेगळ्या उंचीवर बसवलेल्या तापमापकांवर त्याला तळाचं तापमान चढताना दिसलं. वरचं जागचं हललं नव्हतं. त्याने माझी भट्टी बंद करायला लावली आणि पंपाने खालचा गॅस वर फिरवत टाकी ढवळायला घेतली. मॅनेजर धावत आले, "अरे भैया, प्रेशर तो नॉर्मल है!"

"प्रेशर वरचं सांगते, साहेब. मी खालचं पाहून राहिलो."

अख्खी पाळी बुडाली. आणि झालं काय? काहीच नाही! तेच त्याला भोवलं. बढती हुकली, आणि कँटीनमध्ये "आज टंकी उछली क्या?" ही थट्टा कायमची मागे लागली. जे घडलंच नाही, त्याचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? मला अजून राग येतो.

तेरावं झाल्यावर एकदा सकाळी त्याच्या घरी गेलो. नीलिमावहिनी सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी काढत होत्या. गार पाण्यावर गीझरचं कढत पाणी सोडलं की वर चटका, तळाशी गारठा. म्हणून अविनाश रोज बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा आणि मगच आईला हाक मारायचा. वहिनीही तसाच हात घालून ढवळत होत्या.

मी सहज विचारलं, "आईंना कधी चटका बसला होता का, वहिनी?"

"कसा बसन, भाऊजी? रोज ढवळत होते ना हे."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, न्हाणीघराच्या दारात मिळालं... पण ऐकायला तो नव्हता.