प्रियंकाचा निबंध प्रियंकानेच लिहिलाय!

मंडळी, आज हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात आम्ही जिंकलो!

माझी विद्यार्थिनी प्रियंका हिने सिद्धेश्वर धरणावरच्या मासेमारीवर निबंध लिहिला. कॉलेजचं नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर म्हणालं, हा एआयने लिहिलाय. तिला शून्य गुण मिळणार होते. मी अडून बसले, "आधी तिला विचारा."

चौकशी करणारे सर म्हणाले, "बोलतेस गावाकडचं, मग इतकं शुद्ध कसं लिहिलंस?"

प्रियंका म्हणाली, "घरच्यावानी लिहिलं की तुमीच गुण कापता, सर. म्हणून तर शुद्ध शिकले. आता तेबी माझं न्हाई म्हणता?"

मग तिने अख्खा निबंध तोंडी समजावून सांगितला. सरांनी आरोप मागे घेतला आणि तिचं अभिनंदन केलं.

आपल्या लेकरांनी चांगलं लिहिलं की आपल्याला आधी संशयच काहून येतो?