पुढच्या खोलीचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या काकांइतका वाईट यजमान उभ्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. आमच्या किनाऱ्यावर हल्ली घरोघरी पाहुण्यांची सोय झाली आहे. कोणी झोपाळे टांगले आहेत, कोणी अंगणात जुनी होडी रंगवून ठेवली आहे, कोणी आल्या आल्या हातात शहाळं देऊन फोटो काढतो. काका आल्या पाहुण्याला ओट्यावर बसवतात आणि त्याचं मूळ गाव विचारतात. नुसतं 'पुणे' म्हणून सुटका होत नाही. पुण्याच्या आधी कुठे, तालुका कोणता, आजोळ कुठलं, बायकोचं माहेर कुठलं, असं खणत खणत ते जवळच्या तळा गावापर्यंत, म्हसळ्यापर्यंत, गेला बाजार माणगावपर्यंत तरी येऊन पोचतात, तिथला एखादा ओळखीचा माणूस बाहेर काढतात आणि मगच खोलीची चावी देतात. एकदा नागपूरकडचं एक नवं जोडपं आलं होतं. त्यांचं कोकणात कोणी म्हणता कोणी निघेना. चहा झाला, पुन्हा चहा झाला, नवरी पेंगायला लागली. शेवटी तिच्या मैत्रिणीचे सासरे कधीकाळी रोह्याला बँकेत होते असं निघालं, तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला. "मग आधी सांगायचं न्हाय? घरचीच की तुम्ही!" म्हणत त्यांनी चावी काढून दिली.

काका मुंबईत एका औषधांच्या कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले आणि गावी येऊन पुन्हा भातशेतीला लागले. बोर्ली पंचतनच्या बाजारातून रिक्षा केली तर ती थेट त्यांच्या अंगणात येऊन थांबते. घर मोठं, माणसं दोनच, म्हणून काकूंनी पाहुणे ठेवायची टूम काढली. काकांनी ती मान्य केली, पण स्वतःच्या अटींवर. पहिली अट म्हणजे या घरात काही चुकत नाही. वीज गेली तर, "लाईट गावाची गेलीय, माझी न्हाय." पाण्याला मचूळ चव लागली तर, "समुद्राला आला ना तुम्ही? मग?" एका बाईंनी भिंतीवरची पाल दाखवून आरडाओरडा केला, तेव्हा काकांनी पालीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि ते शांतपणे म्हणाले, "ती इथली हाय. तुम्ही परवा जाणार." काकू सांगतात की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'माझं चुकलं' हे शब्द यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. आमटीत स्वतः दोनदा मीठ घातलं तरी हे म्हणणार, "यंदाचं मीठच तिखट निघालंय."

जेवणात काय असावं हेही पाहुणा ठरवत नाही. पाहुणे वाटेतूनच सुरमईची ऑर्डर देतात. काका कोळणीच्या पाटीशी उकिडवे बसून माशाचे कल्ले उघडून बघतात, आणि ते मनासारखे लाल नसले तर हात झटकून घरी येतात. मग पाहुण्याच्या पानात वालाचं बिरडं. त्यावर कोणी तोंड वाकडं केलंच तर, "शिळी सुरमई तुमच्या शहरात भरपूर मिळंल," एवढं बोलून आणखी एक वाटी वाढतात. आणि पहाटे दारावर थाप ठरलेली. लोक बिचारे निजायला आलेले असतात. काका बाहेरून हाक मारतात, "ओहोटी लागली, उठा! समुद्र आत गेलाय. मागनं येऊन काय बघणार, नुसतं पाणी?" आश्चर्य म्हणजे डोळे चोळत गेलेले लोक ओंजळभर शिंपले घेऊन परत येतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात. जे येत नाहीत त्यांची काकांना फिकीर नसते.

अशा माणसाची गाठ गेल्या शिमग्यात ठाण्याच्या एका गृहस्थांशी पडली. मी दर शिमग्याला पनवेलहून गावी जातो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आगरदांड्याहून गाडीसकट बोटीने दिघीला उतरून आले होते. माणूस मुळात वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांना पुढची खोली दिली होती. समुद्राचा वारा थेट आत येतो अशी ती घरातली सगळ्यात चांगली खोली. पण आल्या दिवशीच न्हाणीतला गिझर बंद पडला. काका म्हणाले, "मार्चात गरम पाणी कोण घेतो?" सुरमईच्या जागी बिरडं आलं. मच्छरदाणीला भोक निघालं. पहाटे ओहोटीची थाप पडली. हे सगळं गृहस्थांनी दात आवळून सोसलं. मात्र न्याहारी झाल्यावर काका खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आता सामान उचला. पालखी येतेय."

इथे थोडं सांगायला हवं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे घरोघर फिरते. वर्षभर आपण देवळात जायचं, या दिवसांत देव आपल्या घरी येतो. आमच्या घरात ती आजोबांच्या आधीपासून पुढच्या खोलीतच बसत आली आहे. काकांनी तिथे लाद्या घातल्या, पलंग टाकला, एसी लावला, तरी त्यांच्या मनात ती खोली शिमग्यात देवाचीच होती. पाहुण्यांना हे आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं तेव्हा ते खरोखरच चकित झाले. "शिमग्याला पालखी येते, ह्ये काय सांगायची गोष्ट हाय?"

गृहस्थांचा बांध तिथे फुटला. "मी पुष्कळ ठिकाणी राहिलोय, पण असा अनुभव कुठे आला नाही," ते म्हणाले. "पाणी नाही, मासे नाहीत, झोप नाही आणि आता खोलीही नाही! मी खोली सोडतो. पण आधी एकदा म्हणा, आमचं चुकलं. फक्त एवढंच म्हणा." काकांनी अंगणाकडे मान वळवली. गृहस्थ आत गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरात काकूंना नारळ सोलायला मदत करत होत्या, त्या धावत आल्या. "अहो, उघडा ना! काय हे लहान मुलासारखं?" आतून एसी वाढवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात वरच्या आळीतून पालखीपुढचा खालू बाजा ऐकू यायला लागला. आणि त्या दिवशी पालखीकडे आमच्या घराचं मोठं काम होतं. पालखी अंगणात आली की गुरव त्या घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरातली एक अडचण देवापुढे मोठ्याने सांगतो, आणि जमलेला सगळा गाव त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. एका घराला एकच गाऱ्हाणं. हा नियम गावात सगळ्यात कडक पाळणारे काकाच. मागे एकाने म्हशीबरोबर मुलाच्या नोकरीचंही घुसवायचा प्रयत्न केला, तेव्हा काका भर अंगणात कडाडले होते, "देव काय रेशनचं दुकान हाय?" आणि यंदाचं आमचं गाऱ्हाणं ठरलेलं होतं. शिमगा आटोपला की काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत व्हायचं होतं. त्या धीराने घेत होत्या. धाबं दणाणलं होतं काकांचं. वर्षभर ते मला फोनवर सांगत, "एकदा देवाच्या कानावर घातलं की मी मोकळा." गुरवालाही त्यांनी आठ दिवस आधी सगळं समजावून ठेवलं होतं, डाव्या पायाचं सांग, उजव्याचं नको, असं बजावून.

पालखी अंगणात आली. पोरांनी ती खांद्यावर घेऊन नाचवली, गुलाल उडाला. काकू पंचारतीचं तबक घेऊन पायरीवर टेकल्या होत्या, कारण उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. गुरवाने बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय रं, दार का लावलंय?" सगळा गाव बघत होता. कडी काढायला लावणारे दोन शब्द काकांनी दाराशी जाऊन म्हटले असते तर काम भागलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ते दारापर्यंत गेले आणि तसेच मागे फिरले. मग त्यांनी एकवार काकूंकडे पाहिलं. काकूंनी काही खूण केली की नाही ते मला दिसलं नाही. काका गुरवाजवळ गेले आणि म्हणाले, "आपलं ठरलेलं राहू दे. दुसरं सांग. मी सांगतो तसं म्हण."

आणि गुरवाने सूर लावला. "बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरानं पाहुण्याला घरात घेतलाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या न्हाणीत पाणी तापलं न्हाय..."

"व्हय म्हाराजा!" गाव अगदी खूष होऊन ओरडला. काकांच्या घरात काही बिघडल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

काका कानाशी लागून एकेक सांगत होते आणि गुरव ते खड्या आवाजात देवापर्यंत पोचवत होता. मच्छरदाणीला भोक हाय, व्हय म्हाराजा. सुरमई सांगून बिरडं घातलं, व्हय म्हाराजा. पहाटं झोपंतनं उठवला, व्हय म्हाराजा. पालखी येतेय ह्ये आधी सांगितलं न्हाय, व्हय म्हाराजा! मागे उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग काकांनी गुरवाला थांबवलं आणि शेवटचं वाक्य स्वतःच म्हटलं. हात जोडलेले, मान खाली. "पाहुण्याची काय चूक न्हाय. चूक घराची हाय. मी घरचा हाय. ती पदरात घे, आनि त्याचा राग जाऊ दे."

या वेळी 'व्हय म्हाराजा' हळू आलं. कोणी हसलं नाही. पाहुण्यापुढे जो माणूस मरेपर्यंत वाकला नसता, तो आपल्या सगळ्या गावासमोर स्वतःच्या घराची उणी वेचून काढून देवापुढे मांडत होता. मला वाटलं, ओरडून सांगावं की हे माझे काका आहेत.

कडी निघाली. गृहस्थ अर्ध्या चड्डीत दारात उभे होते, हात जोडून. "मी इतकं काही म्हटलं नव्हतं हो," ते पुटपुटले. त्यांनीच घाईघाईने पलंगावरचा टॉवेल उचलला, बॅगा कोपऱ्यात सारल्या, आणि पालखी पुढच्या खोलीत बसली. एसी चालूच राहिला होता. काकूंनी पाहुण्यांच्या पत्नीच्या हातूनच ग्रामदेवतेची ओटी भरून घेतली. प्रसाद झाला, पालखी उठली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीच्या अंगणात शिरली.

अंगण रिकामं झालं. काका पायरीवर काकूंच्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ गुलाल झटकत राहिले. मग म्हणाले, "तुझं सांगायचं राहिलं गो."

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या. "गुडघा दुखतोय, कान न्हाय."

"आता वर्षानं."

"वर्षानं तर वर्षानं. तवर मी काय पळून जात्येय?" काकू हसल्या, पण काकांना हसू आलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, काका, पालखी शेजारीच आहे, जाऊन सांगतो गुरवाला. त्यांनी डोळे वटारले. "एका घराचं एकच," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

शेजारीण एकटी बाई. मुलगा बोटीवर जातो आणि नारळी पौर्णिमेपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. तिचं गाऱ्हाणं दरसाल त्याचंच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कुंपणापलीकडून गुरवाचा आवाज आला, "काय सांगायचं, वहिनी?" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. गुरवाने एकदा कुंपणावरून आमच्या पायरीकडे पाहिलं. मग त्याने सूर लावला, "बा देवा म्हाराजा! शेजारच्या घरातली माझी जाऊ म्हण, भैन म्हण, तिच्या डाव्या गुडघ्याचं आपरेशन हाय. तिला तिच्या पायानं चालत घरी आण..."

पलीकडे सगळा गाव काहीतरी म्हणाला असेल. मला ऐकू आला तो फक्त काकांचा आवाज. पायरीवरून उठून, पालखीच्या दिशेने हात जोडून, घसा फाटेपर्यंत ते ओरडले, "व्हय म्हाराजा!" काकूंनी तोंडावर पदर घेतला.

ठाण्याचे गृहस्थ पुढच्या खोलीच्या दारात आले. "आता काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना म्हटलं, बसा, चहा टाकतो.