डोळ्यांच्या आखणीआधीची शांतता

माझी बायको म्हणते, तिला माझं सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. हे मी तिलाही सांगितलेलं नाही — आणि तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट सांगता येणार नाही.

आमचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांब शेड, साचे, प्लास्टरच्या गोणी, शाडूचा ढीग आणि बारा महिने अंगावर पांढरी धूळ. वडिलांनी सुरू केला, मी चालवतो. माझ्याकडे नऊ इंचाची मूर्ती दहा इंचाची म्हणून कधी विकली गेलेली नाही. गावात म्हणतात, अनंतशेठच्या तोंडून चुकीचा आकडा निघायचा नाही. आकडा निघाला नाही, हे खरं आहे.

कशापासून सुरुवात करू? सिस्टरांपासून करतो.

पेणला एका ख्रिस्ती संस्थेच्या सिस्टर छोटा दवाखाना चालवत. रोह्याला दुसऱ्या संस्थेच्या सिस्टर शिकवायच्या. आपल्याला सगळ्या सिस्टर सारख्याच वाटतात — पण त्यांचं तसं नसतं. प्रत्येक संस्थेची संस्थापिका वेगळी, नियम वेगळे, वरिष्ठ वेगळ्या, जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा वेगळी. एकाच जिल्ह्यात राहून या दोन घरांचं एकमेकींकडे जाणंयेणं नाताळपुरतंच होतं. मग एका वर्षी त्यांनी ठरवलं की एक काम मिळून करायचं. तिसऱ्या एका संस्थेचे फादर, ज्यांच्याकडे जीप होती आणि कायद्याचं ज्ञान होतं, तेही त्यात आले.

काम असं. दिवाळी झाली की आमच्याकडच्या कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. भट्टीवर लहान हातांना काम असतं — ओल्या विटा उलटायच्या, कडेवर धाकटं भावंड घेऊन. पाऊस आला की सगळे परत. तोवर शाळा गेलेली असते. सिस्टरांनी रोह्याच्या वाटेवर जुनी पोह्यांची गिरणी भाड्याने घेतली आणि हंगामापुरतं मुलींसाठी घर उघडलं. फादर भट्टीवाल्यांकडे जाऊन मजुरीचं विचारू लागले. भांडायला नाही, समजुतीने. पण विचारू लागले.

मी त्यात कसा? पेणच्या सिस्टर ब्रिजिट उरलेलं प्लास्टर मागायला आल्या होत्या, मुलींसाठी खडू करायला. मूळच्या वसईच्या, जीभ तिखट. मी एका कारागिराला मूर्तीच्या उंचीवरून सोंडेचं माप कसं काढायचं ते सांगत होतो. त्या ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं गणित पोटात ठेवून काय करता शेठ? रविवारी या. आमच्याकडे बावीस पोरी आहेत, त्यातल्या वीस जणींना भागाकार म्हणजे भूत वाटतं."

मी गेलो. मग जातच राहिलो. खरं सांगू? मला तिथे आवडायचं. पाढे म्हणताना त्या पोरी गिरणीचा पत्रा हलवायच्या. मंजी नावाची एक होती, दहा-अकरा वर्षांची. पाढा चुकली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

सुरुवातीलाच एक पेच झाला होता. जेवणाआधी काय म्हणायचं? ब्रिजिट सिस्टरांच्या संस्थेत एक प्रार्थना म्हणतात. रोह्याच्या सिस्टर मर्सी केरळच्या, त्यांच्याकडे गाणं म्हणतात. दोघींनाही आपलं प्रिय आणि दोघींनाही कळत होतं की कातकरी पोरींच्या ताटावर यातलं एकही म्हणणं बरोबर नाही. बसून बोलणं चाललं होतं. मर्सी सिस्टर माझ्याकडे वळल्या. "शेठ, तुम्ही सांगा. आम्ही दोघी भांडण करते."

"मर्सी, तुझं मराठी ऐकून शेठच्या शेडमधले गणपती उठून पळतील," ब्रिजिट सिस्टर म्हणाल्या.

मी म्हणालो, काहीच म्हणू नका. आमच्याकडे मूर्तीचे डोळे काढायला कारागीर बसतो ना, त्याला आम्ही आखणी म्हणतो — तर ब्रश उचलण्याआधी तो हात जोडतो, डोळे मिटतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. काही पुटपुटत नाही. आमच्या एका जुन्या कारागिराचं नाव इब्राहिम होतं, तोही असाच बसायचा. हात स्थिर व्हावा लागतो, एवढंच. तसं बसवा मुलींना. मग ज्यांनी रांधलं त्यांचं नाव घ्यायचं आणि जेवायचं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ठरलं. फादर म्हणाले, दोन संस्थांचं एकमत करायला गणपतीवाला लागला. खूप हसलो आम्ही.

म्हणजे बघा — ती शांतता माझ्या शेडमधून तिथे गेली होती. मीच दिली होती. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे आहे त्यात हेच मी गिळून टाकलं.

पेणला रामवाडीत मी केस कापायला जातो. दुसऱ्या हंगामाची गोष्ट. सकाळची वेळ, दुकानात गर्दी, मी खुर्चीत, गळ्याभोवती कापड. मागच्या बाकावर दिनेश होता. रंग आणि प्लास्टर मी त्याच्याकडून घेतो. त्याच्या सासुरवाडीच्या विटांच्या भट्ट्या आहेत, हे मला ठाऊक होतं.

"काय अनंतशेठ, रोह्याला लय फेऱ्या हायत म्हणं?"

"पोरींना गणित शिकवतो."

"मडमांच्या पोरींना? बरा हाय. म्हंजे औंदा तुमचे गणपती गल्यात क्रूस घालून येतील."

दुकान हसलं. न्हावी हसला. त्याने कात्री थांबवून हसून घेतलं.

"नाय, खरंच विचारतो," दिनेश म्हणाला. "जेवायच्या आधी काय करून घेतात तिथं? तुम्ही तर बघितलं असंल."

आणि मी म्हणालो — मी शब्दन् शब्द सांगतो — "हात जोडून, डोळे मिटून बसवतात. एवढं बघितलंय."

"आनि मनात काय म्हनायला लावतात?"

"ते मला काय माहीत?"

झालं. एवढंच. समोर आरसा होता, पण मी न्हाव्याच्या हाताकडे पाहत राहिलो.

धंद्याची भीती होती असं म्हटलं तर बरं दिसेल. घरात बायकोपोरं होती, वर्षाची कमाई एका मोसमावर होती, असं काहीतरी. पण ते खरं नाही. दिनेश माझं काही बिघडवणार नव्हता, गिऱ्हाईक माझं जुनं होतं. ते मला हसले, एवढंच झालं होतं. मला त्यांच्या बाकावर बसायचं होतं. त्या हसण्याच्या त्यांच्या बाजूला. त्यासाठी मी एक वाक्य दिलं. पहिलं वाक्य तर खरंच होतं ना? हात जोडतात, डोळे मिटतात. मापात बरोबर. पुढचं मात्र सरळ खोटं होतं. मला माहीत होतं. मलाच तर माहीत होतं!

ते वाक्य रामवाडीतून वडखळला गेलं, तिथून भट्ट्यांवर. प्रत्येक थांब्यावर त्याला काही ना काही चिकटलं. पोरींना पाणी शिंपडतात. नावं बदलतात. "स्वतः गणपतीवाल्याने पाहिलंय" असंही होतं म्हणतात, पण नाव नव्हतं. आमच्या भागात गणपतीवाले काय कमी आहेत?

मग गिरणीच्या दारात माणसं आली. आरडाओरडा झाला. घरमालक घाबरला. गावच्या पंचायतीत बैठक ठरली, सिस्टरांनी येऊन सांगावं म्हणून. ब्रिजिट सिस्टरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "शेठ, तुम्ही या. मी काय सांगणार? मी सांगितलं तर ते प्रार्थनाच वाटेल. तुमची गोष्ट आहे, तुम्ही सांगा. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, येतो.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी फोन बंद करून प्लास्टरच्या रिकाम्या गोण्यांखाली ठेवला आणि मूर्तींना पहिला पांढरा हात द्यायला बसलो. हे काम मी कधी करत नाही, पोरं करतात. त्या दिवशी केलं. कारागीर म्हणाला, "शेठ, तुम्ही उठा, याच मूर्तीला तिसऱ्यांदा हात देताय."

बैठकीत काय झालं, ते दिनेशनेच मला रंगवून सांगितलं. विचारलं, पोरी हात जोडून काय म्हणतात? ब्रिजिट सिस्टर म्हणाल्या, काही नाही, गप्प बसतात. कुणी म्हणालं, मग हात कशाला जोडतात? त्यांनी सांगितलं, हे आम्ही एका गणपती करणाऱ्या गृहस्थांकडून घेतलंय. सगळे हसले. नाव सांगा की, असा गलका झाला.

"तर बाई दाराकडं बघत ऱ्हायली," दिनेश म्हणाला. "कुनीतरी यायचा हाय, तशी. मग बोलली, नाव मी नाय सांगनार. नाव असंल तर सांगंल ना, शेठ?"

मी त्याला चहा सांगितला होता. तो आम्ही दोघांनी प्यायला.

आठवडाभरात गिरणीला कुलूप लागलं. ज्या मुलींचे आईबाप भट्टीवर होते, त्यांना फादरांनी जीपने भट्टीवर नेऊन सोडलं. दुसरीकडे कुठे सोडणार? मजुरीचं विचारणंही तिथेच संपलं. पोरी चोरून बाटवणाऱ्या माणसाला मजुरीबद्दल कोण उत्तर देतो?

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. अजून एक आहे. तेच जास्त वाईट आहे.

मर्सी सिस्टर एका दुपारी एकट्या शेडवर आल्या. बसल्या नाहीत. त्यांच्या वरिष्ठ येऊन गेल्या होत्या. एवढं सगळं उठतं म्हणजे काहीतरी असणारच, असं त्यांचं म्हणणं. मर्सी सिस्टर आठवड्यातले चारच दिवस गिरणीत असायच्या, उरलेले दिवस ब्रिजिट सिस्टरांचे. त्या दिवसांत काय होत होतं?

"शेठ, तुम्ही रविवारी येत होता. रविवार ब्रिजिटचा. ती मुलींना काही प्रार्थना शिकवत होती काय? लपून? मला सांगा. मी राग नाही करणार. मला फक्त माहीत पाहिजे."

विचारताना त्यांचा चेहरा असा होता, की उत्तर 'नाही' मिळावं म्हणूनच त्या जोह्याला आल्या होत्या. बसने, उन्हातून. 'नाही' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग हे उठवलं कुणी? मला त्या प्रश्नाची भीती वाटली.

मी म्हणालो, "मी गणितापुरता यायचो सिस्टर. बाकीचं मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. दारातल्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पदर आवरून घेतला आणि गेल्या.

दोन्ही संस्थांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. मर्सी सिस्टरांना केरळला बोलावून घेतलं. ब्रिजिट सिस्टरांची बदली झाली, कुठे ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. ज्या दोघी मर्सी सिस्टरांच्या मराठीवर मिळून हसायच्या, त्यांतली एक आयुष्यभर असं समजणार की दुसरीने तिला फसवलं. आणि ते समजणं कुणाच्या खोट्यावर उभं आहे, हे दोघींनाही कधी कळणार नाही. भट्ट्या, बैठका, आरडाओरडा यात माझ्याबरोबर पुष्कळ जण होते. यात मी एकटा होतो.

मागच्या हिवाळ्यात शेड वाढवायला विटा हव्या होत्या. वडखळच्या पुढे एका भट्टीवर गेलो. एक बाई विटा रचत होती. बाई कसली, पोरगीच. पाठीला मूल बांधलेलं. माझ्याकडे बघून थांबली.

"काका, वलखला का? मंजी."

मी हो म्हणालो. पुढे तीच बोलली. "काका, माजा तेराचा पाढा सातावरच ऱ्हायला. तेरा सत्ते एक्क्याण्णव. फुडं घर बंद झाला."

"तेरा अठ्ठे एकशे चार," मी म्हणालो.

"एकशे चार," ती म्हणाली आणि आपल्याच डोक्यात टपली मारली. हसली. मागून मुकादमाने हाक दिली, "ए मंजे, पाव्हना आला काय गो तुजा?" ती वळून परत विटा रचायला लागली. बाकीचा पाढा मी सांगितला नाही. विटांची ऑर्डर देऊन आलो.

आता शेड मोठी झाली आहे. आखणीला नवीन कारागीर आहेत, चांगले हात आहेत. ब्रश उचलण्याआधी तेही हात जोडून थोडा वेळ गप्प बसतात. ते बसले की मी उठून बाहेर जातो, शेताच्या बांधावर उभा राहतो आणि डोळे काढून झाले की आत येतो. त्यांना वाटतं, शेठना रंगाचा वास सोसत नाही. मीही त्यांना तसंच वाटू दिलं आहे.