नंदाबाईची तुराटी

आमच्या घाटंजीकडच्या तांड्यावर नंदाबाई राहते. नवरा सोडून गेला, पण गवंड्याच्या हाताखाली तीस वर्षं विटा वाहून तिनं लेकरं मोठी केली. याच बाईचा मी भर बैठकीत पाणउतारा केलता. आता सांगाले लाज वाटते.

अंगणवाडी कुठं बांधाची, हे ठरवाले तांड्याच्या नायकाच्या अंगणात बैठक होती. मी म्हटलं, माह्या वावराजवळ बांधा, रस्त्याले लागून. मोक्याची जागा! नंदाबाई म्हणे, "रूपसिंगदादा, तिथली जमीन काळी हाय. उन्हात फाटते, पाण्यात फुगते, भिंत टिकत नाही. वर मुरमावर बांधा."

तिचं म्हणणं खोडाले माह्यापाशी काही नव्हतं. मग काय, जीभ सुटली. "नवरा टिकवता नाही आला इले, अन् भिंत टिकवाचं शिकवून राह्यली!"

लोकं खदखदा हासले. मले वाटलं, जिंकलो.

नंदाबाईचा चेहरा उतरला, पण उठून गेली नाही. म्हणे, "माह्या नवऱ्याचं मंग बोलू, दादा. आज जमिनीचं बोला." तिनं कुडातून एक तुराटी उपसली अन् सगळ्याइले वावराजवळ नेलं. उन्हाळ्याचे दिवस, जमीन भेगाळलेली. तिनं तुराटी भेगेत सोडली. चांगली कंबरेएवढी काडी, पार गायब! धावजी नायकानं तिथंच सांगून टाकलं, अंगणवाडी मुरमावर होईन.

माह्या अंगाची आग झाली. दाखवतोच इले, म्हणून मी त्याच जागी विटाचा गोठा बांधला. काय अक्कल म्हणावी!

दुसऱ्या वर्षी श्रावणात झड लागली. एक दिवस अकराच्या सुमाराले धाडकन आवाज झाला. गोठ्याची भिंत आडवी! बैलं बाहेर होते म्हणून वाचले. पण मले बैलाइचं भानच नव्हतं. अकरा म्हणजे लेकराइच्या खिचडीची वेळ. माह्या मनासारखं झालं असतं, तर सारे इथंच बसले असते. माही नात अंजू बी.

चिखल तुडवत वर पळालो. अंजू अंगणवाडीच्या भिंतीले पाठ लावून खिचडी खाऊन राह्यलती. बाप रे, जीव भांड्यात पडला! मी तिथंच फतकल मारून बसलो अन् लेकरासारखा रडलो.

नंदाबाई नातवाले घ्याले आलती. मी म्हटलं, "बाई, लय बरं झालं, त्या दिवशी तू जिंकली."

तिनं माह्याकडे पाह्यलं. "बरं, जमिनीचं झालं. आता बोला माह्या नवऱ्याचं."

मी तिचे पाय धरले.