अर्धा कप चहा आणि बंद सर्वर

भूतबित, करणीबिरणी असलं कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जातो. कॉम्प्युटरवाला माणूस मी, विश्वास ठेवायचा तर लॉगवर, मशीनने स्वतः टिपलेल्या नोंदींवर! आणि नेमका तो लॉगच मला तोंडघशी पाडेल असं वाटलं नव्हतं...

२०१४ च्या आसपासची गोष्ट. गोंदियातल्या एका लहान दवाखान्याचा लिनक्स सर्वर मी सांभाळायचो. रिसेप्शनच्या काउंटरमागेच ठेवलेला. त्याची एक कटकट होती — लाइट जाऊन आली की पेशंटच्या फाइलींचं सॉफ्टवेअर डेटाबेसच्या आधीच उठायचं आणि आपटून बंद पडायचं. वैतागून मी दोन्हींचं आपोआप सुरू होणं बंदच करून टाकलं. आधी डेटाबेस हाताने सुरू करायचा, तिथेच अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं, मग सॉफ्टवेअर. पासवर्ड फक्त माझ्याकडे.

एका दुपारी मी आमगावला कामावर होतो. आमच्या गावाहून, कामठ्याहून, शेजाऱ्यांनी आईला बेशुद्ध अवस्थेत त्याच दवाखान्यात आणलं. कळताच मी गाडी काढून निघालो, तर रेल्वे फाटक बंद! तेवढ्यात रिसेप्शनच्या ताईंचा फोन — "भैया, लाइट गई थी, सर्वर बंद पड़ा है! डॉक्टर साहब पूछ रहे हैं, अम्मा को कौन से इंजेक्शन से रिएक्शन हुआ था?"

मागच्या वेळी त्या इंजेक्शनने आई जाता जाता वाचली होती. पण नाव? काही केल्या आठवेना. पासवर्ड सांगायला तोंड उघडलं आणि फोन कटला. रेंजच गेली!

फाटक उघडल्यावर कसा पोचलो, देव जाणे. बघतो तर आई काउंटरसमोरच्या पलंगावर उठून बसलेली! ताई म्हणाल्या, "अच्छा हुआ भैया, आपने चालू कर दिया. फाइल मिल गई."

मी? अहो, बाहेरून त्या सर्वरला हात लावायची सोयच नव्हती! लॉग उघडला. आधी डेटाबेस, मग सॉफ्टवेअर, आणि मधे बरोबर माझ्या चहाएवढा वेळ. कुणी लॉगिन केल्याची खूण नाही. नंतर कितीदा बंद-चालू करून पाहिलं, आपोआप काही उठलं नाही. का, कसं, आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी आईजवळ बसून हेच बडबडत होतो. ती वैतागली, "काऊन मले येडी बनवून राहिला रे? मंधात डोरे उघडले तवा तू तं तेथीच कंप्युटरजवळ चाय पिऊन राहिला होता."

अंगावर सर्रकन काटा आला. माझी ती चहाची सवय आईला ठाऊकच नव्हती.

"आता मले बी आन ना जरासी," ती म्हणाली.

मी रडत रडतच चहा आणायला पळालो.