पाचपैकी एक

माझ्या बायकोला माझी रक्तातली साखर माहीत आहे, चष्म्याचा नंबर माहीत आहे, लग्नाआधी मी कुणाला पत्र लिहिलं होतं तेही माहीत आहे. हे मात्र माहीत नाही. आईला नाही, माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला नाही. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल तर आता नीट ओळखाल.

आधी थोडं मागे जातो. टाळतोय असं वाटेल. टाळतोयही थोडा.

मी जामनेर तालुक्यातला, घर आता जळगावला मेहरूणमध्ये. बावीस वर्षांपूर्वी कॅनडात गेलो आणि पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागलो. काम मला येत होतं. वर्ष सरताना साहेबाने बोलावलं. तुझे अहवाल उत्तम असतात म्हणाला, पण तू फोनवर बोललास की पलीकडच्याला दोनदा विचारावं लागतं. हसतमुखाने म्हणाला. मग एका बाईंचा पत्ता दिला. या बाई परदेशी लोकांचे उच्चार सौम्य करून देत. सौम्य – म्हणजे आधी माझं बोलणं काय होतं? आजार?

बाईंनी कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायला लावली. पेपर म्हणा. पार्क म्हणा. टेबल म्हणा. तिथल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटला की पट्टी फडफडते. माझी जागची हलत नव्हती. मी रोज चाळीस मिनिटं आरशासमोर बसलो, चौदा महिने. वहीत आकडे ठेवले – शंभर शब्दांत चुका किती. सुरुवातीला एकतीस, शेवटी दोन. माझी मुलगी तेव्हा लहान होती. दारात उभी राहून माझा वेडावाकडा जबडा बघून हसायची. मी तिच्यावर ओरडायचो – इंग्रजीतून, एकही चूक न करता.

आईचा फोन कामावर आला की मी कापायचो. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बठ्ठं बरं शे ना?" – सगळं बरं आहे ना? उत्तर तिच्या खान्देशी बोलीत द्यावं लागलं असतं, आणि शेजारच्या टेबलावर माणसं असायची. त्यांना काय कळणार होतं? काहीच नाही. तरी कापायचो.

आता येतो मूळ गोष्टीवर.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जागा निघाली. मुलाखत घेणारे आम्ही तिघं – प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, भरती विभागातला एक जण आणि मी. उमेदवारांत एक रत्ना होती. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरची, रसायनशास्त्रात एम. एस्सी., कॅनडात दोन वर्षं शिकून काम शोधत असलेली. बाहेरच्या बाकावर बसली होती. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून उठली, जवळ आली आणि आमच्या बोलीत म्हणाली, "भाऊ, तुमनं गाव कोनतं शे?"

प्रमुख बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी इंग्रजीत म्हणालो – माफ करा, काय म्हणालात?

तिचा चेहरा पडला नाही, हे मला आठवतं. तिने लगेच इंग्रजी धरलं. कॅनडात राहण्याच्या परवान्याचे एकोणीस दिवस उरलेत, ही शेवटची मुलाखत आहे, असं प्रमुख बाईंना सरळ सांगून टाकलं. म्हणजे आत जाण्याआधीच मला आकडा माहीत होता. एकोणीस. कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तिची उत्तरं बिनचूक होती. क्लोरीनबद्दल मी विचारलेल्या प्रश्नाचं तिने दिलेलं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण मी उत्तरं ऐकतच नव्हतो. तिच्या इंग्रजीखाली जामनेरचा बाजार ऐकू येत होता. माझी शाळा, माझी आई, वहीतले माझे एकतीस. एकदा प्रमुख बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, आता या बाई मला आणि तिला शेजारी ठेवून बघताहेत. चौदा महिने घासून काढलेलं सगळं ही पोरगी पाऊण तासात या टेबलावर परत आणून ठेवतेय. मला तिचा राग आला. खरंच आला. तिने काय केलं होतं? ती बोलत होती, एवढंच.

गुणांच्या कागदावर पाच रकाने होते, प्रत्येकी पाच गुण. एकाही रकान्याची सरासरी साडेतीनच्या खाली गेली तर उमेदवार बाद. 'संवाद' या रकान्यात बाकी दोघांनी चार-चार दिले होते. त्यांचे कागद भरून टेबलावर पडले होते, मला स्वच्छ दिसत होते. चार आणि चार आठ. मी तीन दिले असते तर अकरा, सरासरी साडेतीनच्या वर. दोन दिले असते तर दहा, साडेतीनच्या खाली. हिशेब मी आधी केला, मग पेन उचललं. दोन पुरले असते.

मी एक दिला.

शेरा लिहिला – उच्चार अस्पष्ट, ऐकणाऱ्याला त्रास होतो.

प्रमुख बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, मला तर सगळं समजलं. पण तुला या बाबतीत जास्त कळत असेल. मी मान हलवली. दोन गोऱ्या माणसांना त्रास झाला नव्हता. त्रास झालेला त्या खोलीत एकच कान होता, आणि तो जामनेर तालुक्यातला होता. मग राग कुणावर काढू, सांगा! त्या साहेबावर? पट्टीवाल्या बाईंवर? एवढी वर्षं काढून बघितला. त्यांच्यावर चिकटत नाही. गळून पडतो आणि परत माझ्या पायाशी येतो.

रत्ना भारतात परतली, एवढं कळलं होतं. पुढचं मी विचारलं नाही.

या श्रावणात आमच्या देवीच्या, कानबाईच्या रोटांसाठी – नैवेद्याच्या पोळ्यांसाठी – घरी आलो होतो. आमच्याकडे रोटांचे गहू घरातल्या माणसांची नावं घेऊन मोजतात, एकेकाच्या नावाने सव्वा मूठ. बावीस वर्षं मी नसताना आई माझी मूठ टाकत आलीय. ते उरकून धुळ्याला अक्काकडे गेलो. तिची मुलगी पल्लवी नर्स आहे, परदेशी निघालीय, देवपुरात उच्चार सुधारण्याच्या क्लासला जाते. मॅडम कडक आहेत, दारात चपला काढता तशी बोलीही बाहेर काढून या म्हणतात, असं ती कौतुकाने सांगत होती. आठवडाभर तिने अक्काशी खान्देशी बोलणं सोडलं होतं. अक्का बोलायची, ती पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची. अक्का मला हसत म्हणाली, "पोर माले पाहुणी वाटस आते."

शनिवारी मी पल्लवीला सोडायला गेलो. क्लास वरच्या मजल्यावर होता. सव्वीस मुलंमुली, सव्वीस तोंडांसमोर सव्वीस कागदी पट्ट्या. फळ्याशेजारी आमच्या प्रयोगशाळेचं नकाराचं एक पत्र प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं. दारातूनच ओळखलं. शब्द माझे होते. ऐकणाऱ्याला त्रास होतो.

आणि फळ्यापाशी रत्ना.

तिने मला लगेच ओळखलं. हात धरून पुढे नेलं आणि वर्गाला सांगायला लागली – ज्या मुलाखतीचं हे पत्र, तिथे हे सर होते, आपल्या खान्देशातले. बाहेर मी यांना गाव विचारलं तर सरांनी ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर गुण देताना पक्षपात केला असं झालं असतं ना? अशी सचोटी हवी. त्या गोऱ्यांना माझं बोलणं कळलं नाही, यात सरांचा काय दोष? दोष माझ्या जिभेचा. म्हणून तुम्हाला सांगते, वेळेत सुधारा.

दर तुकडीला ती हे सांगते. पहिल्या दिवशी. पल्लवीने नंतर सांगितलं, मॅडम घरीही आपल्या सहा वर्षांच्या मुलीशी कुणाला खान्देशी बोलू देत नाहीत.

तेव्हा तिथेच तोंड उघडायला हवं होतं की नाही? मी उघडलं. रत्नाने पट्टी हातात दिली, सर, यांना दाखवा म्हणाली, आणि मी दाखवलं. पेपर. पार्क. टेबल. पट्टी सुंदर फडफडली. सव्वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. पल्लवीने सगळ्यात जोरात.

क्लास सुटल्यावर रत्ना जिन्यापर्यंत सोडायला आली. मुलं खाली उतरेपर्यंत थांबली. मग इकडेतिकडे बघून, नियम मोडत असल्यासारखी, हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, एक इचारू का? तुम्ही माले कितला मार्क दिन्हा व्हतात?"

नऊ वर्षांपूर्वी न समजलेली बोली या वेळी मला समजली.

"च्यार," मी म्हणालो.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी जिना उतरलो.

तिच्याशी आमच्या बोलीत मी बोललेला तो पहिला शब्द. आजवरचा एकुलता एक. पल्लवीची पुढची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. पत्र अजून फळ्याशेजारी लावलेलं आहे. सोमवारी नवी तुकडी सुरू झाली.

मी एक दिला होता.