मखरातला रॉड

मंदाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली उताणा पडलो होतो. इथे ओमानमध्ये वाळवंटाच्या कडेला आमचा कॅम्प आहे. पाहुण्यांना वाळूच्या टेकड्यांवर फिरवणाऱ्या मोठ्या गाड्यांची देखभाल माझ्याकडे असते, आणि गरज पडली तर चालवायचंही मलाच. फोन जोह्याहून, आत्याच्या रेखाचा होता. “दिनूदादा, आई गेली रे... जेवून हात धुवायला उठली नि गेलीच.” फोन ठेवल्यावर गाडीखालून बाहेर यायचं भानच राहिलं नाही. सोबतच्या माणसाला वाटलं, मला कुठे लागलं की काय. तो पाय धरून ओढायला लागला, तेव्हा उठलो. जायला काही मिळालं नाही. आता काही आठवडे झालेत. परवा रेखा म्हणाली, “रडतोस काय फोनवर? तिच्या गमती लिहून काढ. ती रडक्यांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हती.” नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला लिहायचं म्हटलं की हाताला घाम येतो. पण गमती पुष्कळ आहेत, आणि त्यातली एक तर मी सांगितलीच पाहिजे.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. पेणजवळच्या जोह्यात तिचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची लांब शेड, आणि वर्षातले आठ-नऊ महिने घरभर ओल्या मातीचा वास. यजमान लवकर गेले, तेव्हा तिने दोन कामं कुणालाच द्यायची नाहीत असं ठरवलं : मूर्तींचे डोळे आखणं आणि जीप चालवणं. डोळे आखताना ती चकार शब्द बोलायची नाही. मग ते साठलेले सगळे शब्द जीप चालवताना बाहेर पडायचे. म्हैस असो, ट्रक असो, सगळ्यांशी तिचं बोलणं चालू. “ए भावा, सासऱ्याचा रस्ता हाय काय? सर की बाजूला!” आणि गंमत म्हणजे लोक हसत बाजूला व्हायचे.

मी मूळचा रोह्याकडचा. शाळा सुटल्यावर पेणच्या एका गॅरेजात लागलो आणि राहायला आत्याकडे आलो. माझा स्वभाव आधीपासूनच धास्तीचा. नट आवळला तरी चार पावलं जाऊन परत बघायला येणारा मी. गॅरेजवाला वैतागायचा, आत्याला मात्र त्यात करमणूक वाटायची. आल्यागेल्याला सांगायची, “आमचा दिन्या कुलूप लावतो, मग कुलपालाच इचारतो, लागलास ना रे बाबा?” गाडी मला येत होती, लायसन होतं, पण समोरून ट्रक आला की मी कडेला घेऊन थांबायचो. त्यामुळे विशीत आलो तरी आत्याच्या जीपमधली माझी जागा ठरलेली... मागे, मूर्तीला धरून.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला रोह्याकडच्या डोंगरावरच्या एका वाडीचे पांडूबाबा खांद्यावर पाट घेऊन आले. आमच्याकडे गणपती ठरवायचा म्हणजे घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून द्यायचा. त्या पाटावर मूर्ती बसून जाते. वाडीवर आजवर गणपती बसत नव्हता, माणसं खालच्या गावात दर्शनाला जायची. यंदा पहिल्यांदाच वाडीचा आपला गणपती. पण दोन कारखान्यांनी बाबांचा पाट परत केला होता, कारण शेवटचा रस्ता म्हणजे ओढा आणि त्यातले दगडगोटे. शाडूची मूर्ती जड, शेवाळावरून डोक्यावर न्यायची सोय नाही, आणि गाडीने नेली तर धक्क्याने तडा जाणार. तडा गेलेली मूर्ती कोण बसवणार? आत्याने पाट हातातून घेतला आणि भिंतीला लावून ठेवला. “मी सोता आणून देईन. आता जेवून जा.”

ती बोलून मोकळी झाली, झोप माझी उडाली. गॅरेजात मला एक गोष्ट कळली होती. जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी रॉड असतो, स्टॅबिलायझर रॉड म्हणतात त्याला. डांबरी रस्त्यावर वळण घेताना गाडी एका बाजूला कलू नये म्हणून तो असतो. पण दगडात तोच नडतो. एक चाक वर चढलं की दुसऱ्यालाही ओढायला बघतो आणि हिसका सगळ्या गाडीला बसतो. तो सोडवला की प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं आणि वरची गाडी त्या मानाने शांत राहते. ओढ्यापाशी सोडवायचा, परत आल्यावर लावायचा, मगच हायवेला लागायचं, असं मी आत्याला चारदा समजावलं. “कळलं रे,” ती म्हणाली. “दोघांचे हात सोडायचे, मग दोघं बी सरळ चालतात. आमच्या जावांचं असंच होतं.”

चतुर्थीला पहाटेच निघालो. आत्याच्या घरचा गणपती अजून बसायचा होता. जोह्यात गिऱ्हाइकांच्या सगळ्या मूर्ती कारखान्यातून गेल्यावर मग कारखानदाराचा बसतो, आणि तो तिच्याशिवाय बसत नसे. दिवस कलायच्या आत घरी परतायचं, असं ती रेखाला सांगून आली होती. ओढ्यापाशी मी जीपखाली शिरलो. खरं तर रॉडची टोकं सोडून वर बांधली तरी भागतं, पण माझा दोरीवर भरवसा नव्हता. ती सुटली आणि टोक टायरला लागलं तर? म्हणून अख्खा रॉडच उतरवला. त्याचं ग्रीस मूर्तीला लागू नये म्हणून आत्याने तो आपल्या जुन्या लाल लुगड्यात नीट गुंडाळला आणि पाटाजवळ ठेवला.

मग ती जी चढली! त्या दिवशी जीप चालवताना पहिल्यांदाच ती गप्प होती, डोळे आखताना असायची तशी. चाकं खाली काय वाटेल ते करत होती, एक गुडघ्याएवढ्या दगडावर तर दुसरं पाण्यात, आणि माझ्या हातातली मूर्ती पाळण्यात ठेवल्यासारखी नुसती डुलत होती. वाडीच्या तोंडाशी ढोल वाजायला लागला तेव्हा मी मूर्ती कानापासून बोटांपर्यंत तपासली. एक चीर नाही. बायकांनी आम्हाला ओवाळलं, माणसांनी मूर्ती नेली, आम्हाला एका पडवीत बसवून चहा दिला, चहावर खीर दिली. पूजा आटोपली, आरती झाली. मी म्हटलं, चला, रॉड ओढ्यापलीकडे लावायचाय, तो आहे ना ते आधी बघून घेऊ. जीपमध्ये बघतो तर रॉड नाही.

रॉड मखरात होता. गणपतीच्या उजव्या हाताला उभा, लाल लुगडं अंगावर तसंच, वरच्या टोकाला हळदकुंकू, दूर्वा, जास्वंदीचं फूल. माझा चेहरा बघून पांडूबाबा चपापले. आत्याने पदर तोंडाला लावला होता, खांदे गदगदा हलत होते.

“बाबा, ह्यो गाडीचा दांडा हाय,” ती कशीबशी म्हणाली.

“आता गो बाय!” बाबा म्हणाले. “लाल कपड्यात गुंडाळलास, देवाच्या पाटाशी ठेवून आणलास. आमचा पयलाच गणपती, आम्हाला काय म्हाईत संगती काय काय येतं? तूच सांग, कोन नाय पुजनार?”

“मी बी पुजला असता,” आत्या म्हणाली.

बाबा रॉड काढून द्यायला तयार होते. देवाला सांगतो, म्हणाले. पण पूजा झालेली, आणि मागे बायापोरं श्वास धरून उभी. पहिल्याच वर्षी मखरातलं काही उचललं म्हणून पुढे कुणाच्या मनात पाल चुकचुकायला नको, हे आत्याने ओळखलं. “ऱ्हाऊ दे. गौरी-गणपती गेल्यावर आणून द्या,” ती म्हणाली आणि पाया पडली. गणपतीच्या आणि रॉडच्याही.

मी मात्र मनात पुढची वळणं मोजायला लागलो. ओढा उतरलो तो मजेत, पण पुढे रोहा, खिंडीतली वळणं, नागोठणं, मग ट्रकांनी भरलेला हायवे, आणि हे सगळं रॉडशिवाय. वळणावर जरा वेग राहिला तर जीप होडीसारखी कलणार. आणि आत्याचा वेग मला माहीत होता. आता मूर्ती नव्हती म्हणून मी पुढे तिच्या शेजारी बसलो होतो आणि परत परत सांगत होतो, हळू घे, हळू घे... डांबरी लागली तिथे तिने जीप थांबवली आणि उतरून माझ्या बाजूला आली.

“सरक तिकडं. तू चालव.”

“मी? आत्या, मला भीती वाटते.”

“म्हणून तर. मी निघाले तर दोन वळणांत इसरेन. तू नाय इसरायचास.”

आजवर भित्रेपणाबद्दल मला ओरडा मिळाला होता, टोमणे मिळाले होते. त्यासाठी कुणी चावी हातात दिली नव्हती. खिंड मी अशी उतरलो की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. आत्याने खिडकीतून डोकं काढून त्याला सांगितलं, “वरात हाय, मागून ये!” प्रत्येक वळणाला जीप कलायची, मी पाय उचलायचो, ती हळूच सरळ व्हायची. नागोठणं गेलं. आत्याचं बोलणं थांबलं, तेव्हा वाटलं, घाबरली. मी डावीकडे बघितलं... ती झोपली होती. काचेला डोकं टेकून, तोंड जरा उघडं, पायातल्या चपला काढलेल्या. जी बाई एसटीतसुद्धा ड्रायव्हरवर नजर ठेवून बसायची, ती माझ्या हाती गाडी देऊन घोरत होती. जोह्याच्या दारात थांबलो तेव्हा ऊन अजून शेडवर होतं. “आलो पण?” म्हणून ती उठली आणि घरचा गणपती बसवायला आत गेली.

विसर्जनानंतर पांडूबाबा रॉड घेऊन आले, धुऊन, खोबरेल लावून. म्हणाले, “पुढल्या वर्षी बी आणा याला, पोरं इचारतील.” पुढे दरवर्षी वाडीवर आधी रॉडला कुंकू लागायचं, मग आम्हाला चहा. फक्त तो मखराबाहेर राहायचा आणि जीप परतताना मी चालवायचो. इथली नोकरी आली तेव्हाही मी मागेपुढे करत होतो. “घाबर की,” आत्या म्हणाली, “पण घाबरत घाबरत जा.”

इथेही वाळूत शिरताना गाड्यांचे रॉड सोडवतात आणि डांबरी लागायच्या आधी लावतात. ते माझंच काम, आणि मी चार पावलं जाऊन परत येऊन बघतो. कॅम्पवाले हसतात, पण म्हातारे पाहुणे किंवा लेकरंबाळं असली की परतीला गाडी मलाच देतात. उन्हाने दमलेली माणसं डांबरी लागली की हळूहळू झोपतात. मागचं बोलणं बंद झालं की माझी मान आपोआप डावीकडे वळते. या देशात ड्रायव्हरच डावीकडे बसतो. तिकडे माझाच दरवाजा असतो, आणि काचेबाहेर वाळू. मी परत समोर बघतो, आणि पुढचं वळण यायच्या आधीच वेग थोडा कमी करतो.